४१२७ च्या नावचं कुलूप

कल्याणकर बाईंचा फोन सातला, चहाच्या आधी.
"कोणीतरी माझ्या पेटीत बसलंय हो.
उघडायला गेले की म्हणते, दुसरं कोणी वापरू राहिलं, थांबा.
काल दुपारीच सांगितलं तुम्हाला.
तेव्हापासून थांबलेच की मी."

सर्व्हर आमचा बियाण्यांच्या शीतगृहात.
जालन्यात मे महिन्यात थंड खोली एकच,
तिथं आधी सरकी, मग तूर, मग तो,
त्याच्यासाठी वेगळा एसी मंजूर झाला नाही.
मी स्वेटर घालून आत जातो.
बाहेर सळ्यांचे ट्रक, डांबर चपलेला चिकटतंय.

पहिल्यांदा पासवर्ड. बरोबर.
मग जागा. होती, निम्मी रिकामी.
मग परवानग्या: कोणी वाचायचं, कोणी लिहायचं,
कोणी हातच लावायचा नाही. त्याही जागेवर.
बाईंना विचारलं, घरी पोराच्या मोबाइलवर उघडलंय का?
"त्याला माझे मेल कशाला?
उगवणशक्ती एक्क्याण्णव टक्के, ओलावा आठ.
दुसरं असतं काय त्यात."

मग दिसली ती फाइल.
पेटीच्या शेजारी, पेटीच्याच नावाची,
शेपटीला 'लॉक' जोडलेली.
आत एकच आकडा: ४१२७.
म्हणजे ४१२७ नंबरचं काम आत आहे,
ते बाहेर येईपर्यंत कोणी जायचं नाही.

चालू कामांची यादी काढली.
४१०९ च्या खाली थेट ४१४०.
मध्ये मोकळं, पडलेल्या दातासारखं.

इलियासभाई दारातूनच म्हणाले,
"लाइट गई थी ना परसों रात कू, दो बजे.
बैटरी भी बोल गई."

तर असं.
दोनच्या सुमाराला ४१२७ आत गेलं,
रीतसर कुलूप लावलं,
एखादं पत्र ठेवायला हात वर केला असेल,
आणि अंधार.
सर्व्हर परत उठला, बाकी सगळे उठले,
त्याची कोणी हजेरी घेतली नाही.

अंबड तालुक्यातल्या आमच्या शाळेत
पुस्तकांचं एक काचेचं कपाट होतं.
हंबर्डे गुरुजींची बदली झाली, चार्ज न देताच गेले,
चावी त्यांच्याकडे की त्यांच्या आधीच्यांकडे
याची पत्रापत्री माझ्या तिसरीपासून सहावीपर्यंत चालली.
आम्ही काचेतून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचायचो.
कुलूप फोडायचं कोणाच्या मनात आलं नसेल असं नाही,
पण कुलूप आहे म्हणजे मालक आहे,
एवढं आम्हाला न शिकवता येत होतं.
शेवटी उघडलं तेव्हा
वाळवीची सगळी वाचून झाली होती.

हटवायला एक ओळ लागते.
ती लिहून मी बसून राहिलो, एंटर न दाबता.
खरंच कोणी आत असलं तर?
दोघं एकदम लिहायला लागले
तर तुरीच्या अहवालात सरकीचं बिल घुसतं,
मग निवडत बसा आठ दिवस.
परत यादी पाहिली. परत नाही.
फाइलीची वेळ पाहिली: एक वाजून अठ्ठावन्न.
त्यानंतर तिला कोणी शिवलं नव्हतं.
पेटीची एक प्रत बाजूला काढून ठेवली.
मग दाबलं.

आवाज काही होत नाही.
आपल्याला उगाच वाटतं, कडी पडल्यासारखा होईल.
फक्त फोनवर बाई, "आली, आली,
अगं बाई, एकशे बारा!"
मग जरा थांबून,
"हे सगळ्यात वरचं तुमचंच आहे की, काल दुपारचं."
वाचा, म्हटलं.
"महोदया, आपली मेलपेटी सध्या उघडत नाही,
दुरुस्ती चालू आहे. कळावे."

हसल्या. मीही, दातावर दात वाजत.

बाहेर आलो तर चष्म्यावर धुकं.
इलियासभाईंनी विचारलं, "कौन था अंदर?"
कोई नहीं, म्हटलं.
पण रजिस्टर उघडून लिहिलं:
४१२७. वेळ १.५८. काम अर्धं.
सहीच्या रकान्यात
काय लिहावं ते कळेना,
मीच केली.